मेस्त्रींची लेबलं आणि आजारी डिस्क

चंद्रप्रकाश मेस्त्रींना लेबलांचं वेड आहे असं कुणी म्हटलं, की त्यांना राग यायचा. "वेड नाय हो, शिस्त," ते म्हणायचे. पण भांडुपला त्यांच्या घरी एकदा जाऊन बघा. मिठाच्या डब्यावर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर', इथपर्यंत ठीक आहे. पण फ्रिजच्या वायरवर 'फ्रिज' आणि छत्रीच्या दांड्यावर 'मेस्त्री, मोठी'? त्यांची बायको अनुपमा एकदा वैतागून म्हणाली, "माझ्या कपाळावर पण चिकटवा एक. 'बायको' लिहा, नायतर विसराल." मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी क्षणभर खरंच विचार केला असावा, अशी तिला अजून शंका आहे.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा चंद्रप्रकाश शाळेत, आणि घरात खाणारी तोंडं पाच. मालवणहून चुलत्यानं तांदूळ पाठवला म्हणून ती वर्षं निभावली. बारावी झाल्यावर त्यांनी हार्डवेअरचा कोर्स केला, प्रिंटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरवर आले आणि कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर. घाटकोपरच्या एका छोट्या कंपनीत उभा जन्म गेला. साहेब झाले नाहीत, होणारही नाहीत, कारण तोंड फटकळ. गिऱ्हाइकाला समोरासमोर "तुम्हीच वाट लावलीत याची" असं सुनावणाऱ्याला बढती कोण देणार? पण काम अडलं की बोलावणं त्यांनाच यायचं. कुठली वायर कुठे जाते, कुठल्या खणात काय बसवलंय, हे त्यांच्या बारीक, ठसठशीत अक्षरात जागच्या जागी चिकटवलेलं असायचं. "माणूस विसरतो, डोळे फसवतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "पण लेबल खोटं बोलत नाय."

गेल्या दसऱ्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. का, तेच सांगतो.

दसरा नुकताच झाला होता. मेस्त्री सकाळी कामावर पोचतात न पोचतात तोच जवळच्या एका रक्तपेढीतून फोन. "मेस्त्रीभाऊ, असाल तसे या." बोलत होत्या मालनताई, तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. ही बाई उगाच घायकुतीला येणाऱ्यांतली नव्हे. रक्त द्यायला आलेला एखादा दांडगा गडी घेरी येऊन कलंडला, तरी ती आधी सुई नीट काढणार, मग त्याला सावरणार. तिचा आवाज चढलेला ऐकला आणि मेस्त्रींनी हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

रक्तपेढीच्या दारातल्या बाकावर एक माणूस बसला होता. मांडीवर रक्त न्यायची निळी पेटी, रिकामी. ती त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मेस्त्री आत शिरले तसा तो उठून उभा राहिला आणि परत बसला.

"यज्ञेश नाव त्याचं," मालनताई चालता चालताच सांगू लागल्या. "बायको जान्हवी, मुलुंडच्या प्रसूतिगृहात आहे. पहाटे मुलगी झाली. मुलगी छान आहे, पण हिचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी कसंबसं आवरून धरलंय. ऑपरेशन करायलाच हवं, आणि अंगात रक्त असल्याशिवाय ते करता येत नाही."

"मग द्या की रक्त! फ्रिज भरलेत तुमचे."

"त्यातलं एक चालत नाही तिला. बॉम्बे ग्रुप आहे तिचा."

आता हा ग्रुप आपल्याच शहराच्या नावाचा, आणि आपल्याच शहरात शोधायला जा, दहा हजारांत एखादा सापडतो. त्या माणसाला रक्त चालतं ते फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं. बरं, साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो. जान्हवीच्याही सगळ्या कागदांवर आजवर 'ओ पॉझिटिव्ह' असंच होतं. सकाळी पिशवी जुळवून बघताना मालनताईंच्या लक्षात आलं. नाहीतर त्या 'ओ'नंच तिचा घात केला असता.

"कागदावरच चुकीचं होतं?" मेस्त्रींनी विचारलं. त्यांना ते फार लागलं.

हे रक्त कुणी साठवून ठेवत नाही. गरज पडली की देणाऱ्याला बोलवायचं. मालनताईंनी शहरातल्या बाकीच्या पेढ्यांना फोन करून झाले होते, सगळीकडे नन्नाचा पाडा. पण या पेढीनं वर्षानुवर्षांच्या शिबिरांतून असे काही रक्तदाते हुडकून ठेवले होते. त्यांची नावं, पत्ते, फोन, सगळं कॉम्प्युटरात. आणि कॉम्प्युटर पहाटेपासून नुसता फिरत होता. नाव टाकलं की पडद्यावर ते गोल चक्र सुरू, आणि मग ते काही थांबायचं नाव घेईना.

"दुसरी प्रत असेल ना?"

"आहे," मॅनेजर श्यामसुंदर नाडकर्णी पुढे आले. बँकेतून निवृत्त झालेला, टापटिपीचा, देवभोळा माणूस. "ठाण्याच्या ऑफिसात आहे. ते म्हणतात, उद्या दुपारपर्यंत चढवून देऊ."

"उद्या दुपारी काय करायचीय ती?" मालनताई म्हणाल्या. 

मागच्या बाजूला एसी लावलेली एक खोली होती. तिथे सर्व्हर, आणि त्याच्याखाली डिस्कचा डबा. आठ खण, आठ डिस्क. सगळी माहिती आठांत अशी वाटून ठेवलेली, की एक डिस्क गेली तर उरलेल्या सात मिळून तिचं काम रेटतात. दोन गेल्या की खेळ खलास. मेस्त्रींनी लॅपटॉप जोडला आणि दोन मिनिटांत रोग कळला. एक डिस्क आजारी होती. मेली असती तर बरं, डब्यानं तिला सोडून पुढचं काम चालू ठेवलं असतं. ही मरतही नव्हती आणि चालतही नव्हती, आणि बाकीच्या सात जणी तिच्या उत्तराची वाट बघत ताटकळल्या होत्या.

"हिला बाहेर ओढली की झालं," मेस्त्री म्हणाले. "सगळं धावायला लागेल."

"आणि चुकून दुसरीच ओढली तर?" नाडकर्णींनी विचारलं.

"तर एक आजारी आणि एक बाहेर. दोन गेल्या. मग उद्या दुपारचीच वाट बघा." हे बोलताना त्यांना मुळीच भीती वाटत नव्हती. कुठली डिस्क कुठल्या खणात आहे ते दाखवणारा दिवा या जुन्या डब्यात कधीच निकामी झाला होता, म्हणून तर त्यांनी स्वतः प्रत्येक खणाच्या कडेला आतल्या डिस्कचा नंबर लिहून लेबल लावलं होतं. लॅपटॉपनं आजारी डिस्कचा नंबर दिला होता. तोच नंबर पाचव्या खणाच्या लेबलावर होता. झालं की.

डब्याच्या तोंडावर झेंडूची सुकलेली माळ लोंबत होती आणि आठही डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं. खंडेनवमीला मुंबईत कोण काय पुजेल त्याचा नेम नाही. रिक्षा पुजतात, शिलाई मशीन पुजतात. मेस्त्री स्वतः घरी आपले स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडतात. त्यांनी माळ बाजूला केली आणि पाचव्या खणाचं बटण दाबलं. डिस्कची खिट्टी टक् करून पुढे आली. ती धरून एकदा ओढायचं, बस्स.

त्यांनी ती धरली. आणि त्यांना खिट्टीच्या आतल्या बाजूला कुंकू दिसलं.

त्यांनी ओढली नाही. खिट्टी मिटलेली असताना तिच्यामागे मुंगीसुद्धा शिरणार नाही. मग तिथे कुंकवाचं बोट पोचलं कसं? डिस्क खणात असताना लागलंच नसतं ते. डिस्क बाहेर होती तेव्हा लागलं होतं.

"नाडकर्णीसाहेब," मेस्त्री मान न वळवता म्हणाले, "पूजेला या बाहेर कुणी काढल्या?"

"मीच काढल्या. सगळं रीतसर बंद करून काढल्या हो!" नाडकर्णींना वाटलं, शाबासकी मिळणार. "काय धूळ ती! देवासमोर धुळकट वस्तू ठेवायची का? कोरड्या फडक्यानं पुसल्या, पाटावर मांडल्या, ओवाळलं आणि परत लावल्या. सुरू केला, तर एकदम झकास चालला."

"ज्याच्या त्याच्या खणात लावल्या?"

"ओळीनं लावल्या की!"

"कुठल्या ओळीनं?"

 पाटावर दोन रांगा होत्या की तीन, हेसुद्धा नाडकर्णींना आठवेना. डब्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. डिस्क कुठल्याही खणात घाला, तो आपली माणसं ओळखून घेतो. फसला होता तो लेबल वाचणारा.

"अहो, देव्हाऱ्यातले देव पुसताना कुठला कुठे होता ते लक्षात ठेवता ना?" मेस्त्री कडाडले. "मग हे काय बटाटे होते? वाट लावलीत साहेब, पार वाट लावलीत!" आणि मग त्यांनी ती खिट्टी हळूच, अगदी तान्ह्या पोराची मूठ मिटावी तशी, परत मिटवली.  अजून एक क्षण गेला असता तर एक बाई हकनाक गेली असती, तीही त्यांच्याच अक्षरावर विश्वास ठेवून. "बा देवा म्हाराजा," ते पुटपुटले. भीती वाटली की त्यांच्या तोंडी मालवणी येते.

"बंद करून सगळ्या काढून बघा ना," मालनताई म्हणाल्या. "नंबर असेल की त्यांच्यावर."

"असतो, पाठीवर. पण डबा म्हातारा झालाय ताई. आजारी डिस्क पोटात घेऊन बंद केला तर परत उठेलच असं नाय. उठला तरी आधी तीन-चार तास स्वतःलाच तपासत बसेल. चालू आहे तोवरच हिला शोधायला हवी."

दारात यज्ञेश येऊन उभा होता. त्याचा फोन वाजला, त्याने ऐकलं, "हो, बघतायत," एवढंच म्हणाला. मग आत बघून त्याने विचारलं, "अजून किती वेळ?"  प्रसूतिगृहातून सांगितलं होतं, संध्याकाळच्या पुढे थांबता येणार नाही.

मेस्त्री खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि डोकं चालवू लागले. प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी एक बारीक हिरवा दिवा असतो. ती काम करते तेव्हा तो लुकलुकतो. लॅपटॉपवरून एकेका नंबरच्या डिस्कला वाचायचं काम द्यायचं आणि कुठल्या खणाचा दिवा हलतो ते बघायचं. सात सुदृढ डिस्क सात खण दाखवतील. उरेल ती आजारी. पण दिवे दिसतील तर ना! आठहीवर ओलं हळदीकुंकू वाळून खपली धरली होती.

"हे पुसावं लागेल," मेस्त्री म्हणाले.

"पूजेचं कुंकू?" नाडकर्णी चाचरले. मग दारातल्या यज्ञेशकडे त्यांची नजर गेली. खिशातला घडीचा पांढराशुभ्र रुमाल त्यांनी काढला, तोंडातल्या तोंडात देवाची क्षमा मागितली आणि गुडघे टेकून स्वतःच्या हातानं आठही दिवे पुसले.

काम सुरू झालं. पहिला नंबर दिला, दुसऱ्या खणात लुकलुक. दुसरा दिला, आठव्यात. एकही डिस्क आपल्या लेबलासमोर नव्हती. मेस्त्री प्रत्येक वेळी कडेचं जुनं लेबल नखानं खरवडून काढत होते, आणि ते काढताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सहा खण सापडले. उरलेली एक सुदृढ डिस्क मात्र काम करत असूनही कुठेच लुकलुकेना. तिसरा खण काळा, सातवा खण काळा.

"पूजेच्या वेळी दिव्याच्या भोकात ओलं कुंकू गेलं असेल, नाहीतर हळद," मेस्त्री म्हणाले. "एक आजारी आहे. दुसरी चांगली आहे, पण तिचा दिवा गेलाय. कुठली कुठली, देवाला ठाऊक."

"मग आता?" यज्ञेशनं दारातूनच विचारलं.

"निम्मं निम्मं," मेस्त्री म्हणाले. आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना शिसारी आली. नाणं उडवून का एखाद्याची बायको वाचवायची?

चालणारी डिस्क आतून थरथरते. काम दिलं की थरथर वाढते. हे मेस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिसऱ्या खणावर बोट ठेवलं, सातव्यावर ठेवलं. काही कळेना. गेली काही वर्षं साखरेनं त्यांच्या बोटांची टोकं बधिर केली होती. गरम कप धरला तरी उशिरा कळायचं. अनुपमालाही त्यांनी हे धड सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

"माझी बोटं गेलीयत, ताई," ते म्हणाले. "मला लागत नाय काही."

मालनताई खाली बसल्या. हाताची शीर डोळ्यांना दिसत नसली तरी बोटानं शोधायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. जाडजूड दंड असोत की म्हाताऱ्याची पळती शीर, त्यांची सुई पहिल्या टोचणीत लागते. त्यांनी तर्जनी तिसऱ्या खणावर टेकवली.

"सगळंच थरथरतंय," त्या म्हणाल्या.

"पंखे आहेत ते."

"थांबा, बोलू नका. पंखा बाजूला करू दे मला."

पंखा बाजूला कसा करणार? पण पेशंट थंडीतापानं कापत असला तरी त्या कापण्याच्या आड शिरेची उडी वेगळी लागतेच ना, तसं. मेस्त्री लॅपटॉप फिरवून मालनताईंकडे पाठ करून बसले. "मी त्या चांगल्या डिस्कला काम देईन आणि थांबवीन," ते म्हणाले. "कधी, ते सांगणार नाय. तुम्हाला काय लागतं ते बोला फक्त."

 मेस्त्रींनी लॅपटॉपची कळ दाबली.

"काही नाही," मालनताई म्हणाल्या.

त्यांनी थांबवलं, परत दिलं. "काही नाही. मधेच एक ठोका येतो, टक् करून. मग गप्प."   मेस्त्री फक्त म्हणाले, "आता सातव्यावर."

बोट सातव्या खणावर गेलं. त्यांनी मुद्दाम वाट बघितली. मग काम दिलं.

"आता!" मालनताई म्हणाल्या. "आता सुरू झाली. बारीक आहे, पण आहे."

थांबवलं. "थांबली." लगेच दिलं. "सुरू." मग मेस्त्रींनी फसवलं, नुसती बोटं वाजवली आणि काम दिलंच नाही. "नाही," मालनताई शांतपणे म्हणाल्या, "उगाच आवाज करू नका. आत्ता गप्प आहे ती." दिलं. "हां, आता चालू." मेस्त्रींनी तिला पाच-सहा वेळा असं चकवून बघितलं. एकदाही चुकली नाही ती बाई.

"तिसरी आजारी," मेस्त्री म्हणाले. त्यांनी तिसऱ्या खणाचं बटण दाबलं आणि खिट्टी धरली.  "नक्की ना हो ताई?"

"मी सुई टोचताना कुणाला विचारत नाही, नक्की ना म्हणून," मालनताई म्हणाल्या. "ओढा!"

त्यांनी डोळे मिटले आणि ओढली.

सगळे दिवे एकदम विझले. नाडकर्णींनी भिंत धरली. यज्ञेशच्या तोंडून कसलासा आवाज आला. मेस्त्रींना वाटलं, गेलं, सगळं गेलं, आपण मारलं तिला. मग एक दिवा लुकलुकला. मग दुसरा. मग सातवा सोडून सगळे असे काही पेटले, जणू कधीपासून श्वास कोंडून बसले होते. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "उघडलं! यादी उघडली!"

मुंबईतली चार नावं होती. पहिला फोन बंद. दुसरा परदेशी गेलेला. तिसरी बाई स्वतःच गरोदर, ती फोनवरच रडायला लागली, "मी नाही देऊ शकत हो, काय करू?" म्हणून. चौथा ट्रॉम्बेचा धवल. मालनताईंनी सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्याने मध्येच तोडलं. "कुठे यायचं ते सांगा," एवढंच म्हणाला आणि निघाला.

तो आला, झोपला, मालनताईंनी शीर शोधली. तातडीच्या तपासण्या झाल्या, पिशवी पेटीत गेली आणि यज्ञेश पळाला. कुणाचे आभार मानायचं भान त्याला नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. धवलनं कपात उरलेला चहा संपवला आणि सांगितलं, "आणखी लागलं तर मला विचारू नका, माझा धाकटा भाऊ पण याच ग्रुपचा आहे, त्याला धाडतो."

मेस्त्रींचं काम कधीच संपलं होतं. नवी डिस्क बसवली होती, ती भरत होती. साहेबांचा फोन आला, "अरे मेस्त्री, अंधेरीचं गिऱ्हाईक खोळंबलंय." मेस्त्री म्हणाले, "येत नाय आज," आणि फोन ठेवला. इतकी वर्षं त्यांनी डबे उघडले, डबे मिटले. आत काय असतं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, फायली. आज त्यांना उठवत नव्हतं. यज्ञेश जिथे बसला होता त्याच बाकावर ते बसून राहिले. जेवले नाहीत. नाडकर्णींनी बटाटेवडा आणून दिला, तो तसाच कागदात राहिला.

दिवेलागणीला मालनताईंचा फोन वाजला. मुलुंडहून. त्यांनी नुसतं ऐकलं, "बरं," म्हणाल्या, परत ऐकलं. मेस्त्री उठून उभे राहिले होते. 

"ऑपरेशन झालं," मालनताईंनी फोन बाजूला करून सांगितलं. "शुद्धीवर आलीय. पाणी मागतेय."

"पाणी मागतेय?"

"हो. आणि मुलगी कुठाय, विचारतेय."

 मग तो छप्पन वर्षांचा, फटकळ तोंडाचा माणूस मालनताईंचं ते बोट दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. त्याच्या बधिर हातांना ते बोट लागत होतं की नाही कोण जाणे, पण त्याने ते बराच वेळ सोडलं नाही.